चार फुटांवरची थंडी

हिवाळ्यात संध्याकाळी आभाळ भरून आलं की आई अंगणात उभी राहून वर बघायची आणि म्हणायची, "आज आभाळानं वाकळ टाकली. रात्र निभल." आणि ज्या संध्याकाळी आभाळ स्वच्छ असायचं, दिवेलागणीलाच चांदण्या लखलखायला लागायच्या, त्या दिवशी तिचा आवाज बदलायचा. "आज उघडंय. लेकरं मधी घ्या." मग आम्ही भावंडं मधे, कडेला मोठी माणसं, आणि गोठ्यात वासरांच्या अंगावर पोत्यांची झूल.

आई शाळेत गेलेली नव्हती. पण ती जे सांगत होती ते मी पुढे परभणीला कृषी विद्यापीठात शिकायला गेलो तेव्हा वहीत उतरवून घेतलं: दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता बाहेर टाकते, वर ढग असले तर त्यातली बरीचशी ते परत खाली पाठवतात, ढग नसले तर ती सरळ निघून जाते. म्हणून निरभ्र रात्र जास्त गार. गुरुजी फळ्यावर बाण काढत होते आणि मला अंगणातली आई दिसत होती.

१९७२ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ. आता त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे, आम्ही शिकत होतो तेव्हा ते नुसतं मराठवाडा कृषी विद्यापीठ होतं. तिथल्या वेधशाळेत पाळी लावून नोंदी घ्यायचं काम आम्हा पोरांना मिळायचं. कुंपण घातलेला गवताचा तुकडा, त्यात पर्जन्यमापक, वारा मोजणाऱ्या फिरत्या वाट्या, आणि मधोमध चार पायांवर उभी केलेली पांढऱ्या रंगाची लाकडी पेटी. चारी बाजूंनी फटी असलेल्या पट्ट्या, म्हणजे हवा खेळती राहते पण ऊन आत येत नाही. या पेटीतले तापमापक जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतात. किमान तापमान दाखवणाऱ्या नळीत पारा नसतो, अल्कोहोल असतं, आणि त्यात एक काचेची बारीक दांडी बुडालेली असते, दोन्ही टोकांना जाड. थंडी वाढते तसं अल्कोहोल आकसतं आणि त्या दांडीला सोबत मागे ओढतं. सकाळी ऊब आली की अल्कोहोल पुढे सरकतं, दांडी मात्र तिथंच राहते. रात्री सगळ्यात खाली कुठवर गेलो होतो, हे ती सांगते. मला ती दांडी फार आवडायची. सगळे झोपलेले असताना कुणीतरी एकजण जागा राहून खूण करून ठेवतो, असं वाटायचं.

पेटीच्या बाहेर आणखी एक तापमापक होता, गवताच्या टोकांना टेकेल असा आडवा ठेवलेला. स्वच्छ, वारा नसलेल्या रात्रीनंतर त्याचा आकडा पेटीतल्या आकड्यापेक्षा नेहमी खाली असायचा. कधी दोन अंश, कधी चार. कारण सोपं आहे. रात्री आधी जमीन गार होते, मग तिला चिकटलेली हवा, आणि गार हवा जड म्हणून ती खालीच बसून राहते. पेपरात, रेडिओवर जातो तो पेटीतला आकडा. तसंच करायला हवं, कारण सगळीकडे एकाच उंचीवर, एकाच आडोशात मोजलं तरच परभणीची तुलना नाशिकशी आणि यंदाची तुलना तीस वर्षांपूर्वीशी करता येते. पण गवताजवळचा तो दुसरा आकडा वहीतच राहायचा.

मला तो दुसरा आकडा आठवावा लागला २०१८च्या डिसेंबरात.

माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, सेलू तालुक्यात दुधना नदीच्या काठी आमची वडिलोपार्जित शेती करतो. मी बँकेत कृषी अधिकारी म्हणून नोकरी केली, छत्रपती संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, घर केलं, आणि हवामानाचा अंदाज दादाला फोनवरून सांगणं हे माझं काम होऊन बसलं. रोज संध्याकाळी फोन. "काय म्हणतंय रे बापू तुमचं हवामान?" तो हवामानाला 'तुमचं' म्हणतो, जणू ते माझ्याकडे नोकरीला आहे.

त्या आठवड्यात उत्तरेकडून गार वारे वाहत होते. दादाचा हरभरा फुलात होता. मी शिकलेला माणूस. मी त्याला सांगितलं, "दादा, कडाका वाढणार आहे, रात्री हरभऱ्याला हलकं पाणी दे. ओली जमीन लवकर गार होत नाही, पीक वाचेल." हे खरंच आहे. पाण्यात उष्णता धरून ठेवायची ताकद जास्त असते, म्हणून थंडीच्या लाटेत पिकाला हलकं पाणी द्यायला सांगतात, बांधावर ओला काडीकचरा पेटवून धूर करायला सांगतात. सल्ल्यात काही चूक नव्हती. मी फक्त एक गोष्ट विचारली नाही. त्या आठवड्यात त्यांच्या भागात शेतीची लाईट, म्हणजे मोटारीची वीज, रात्री होती.

ज्यांनी कधी केलं नाही त्यांना हे काम कसं असतं ते सांगतो. लाईट रात्री बारा-साडेबाराला येते. मोटार चालू करायची आणि तुषार संचाचे पाईप जोडायचे. दोन-अडीच तासांनी एका जागेचं पाणी पुरं झालं की मोटार बंद करायची, पाईप सोडवायचे, खांद्यावर घेऊन पुढच्या जागी न्यायचे, परत जोडायचे. पाईपात राहिलेलं पाणी अंगावर येतं. गुडघ्यापर्यंतच्या ओल्या हरभऱ्यातून चालायचं. हरभऱ्याच्या पानांवर आंब, म्हणजे आंबट खार, असते, ती दहिवरात उतरून पायांच्या भेगांत झोंबते, हातांच्या कातडीत शिरते. टॉर्च तोंडात धरायचा, कारण दोन्ही हात पाईपाला लागतात. असं पहाटेपर्यंत. हे दारं धरण्यापेक्षा, म्हणजे पाटाचं पाणी वाफ्या-वाफ्यात वळवण्यापेक्षा, सुधारलेलं आहे बरं. दारं धरताना तर माणूस रात्रभर पाण्यातच उभा असायचा.

त्या रात्री दादानं तीनदा पाईप बदलले. पहाटे घरी आला तेव्हा त्याला दाराची कडी काढता येईना. वहिनी आतून म्हणत राहिली, कोण हाय, कोण हाय, आणि त्याला बोलता येईना. बोबडी वळलेली. तिनं ओले कपडे काढून घेतले, दोन वाकळी टाकल्या, चूल पेटवली, थोडा थोडा कोमट चहा पाजला. डॉक्टर तालुक्याला. त्यांनी दुसऱ्या दिवशी छाती तपासून आठ दिवस झोपवून ठेवलं आणि सांगितलं की आणखी तासभर उघड्यावर राहिला असता तर अवघड होतं. ओल्या कपड्यातून अंगातली ऊब कोरड्यापेक्षा कितीतरी वेगानं जाते, त्यावर वाऱ्याची झुळूक लागली की आणखी वेगानं. हे मला माहीत होतं. पंचवीस गुणांच्या प्रश्नाला मी हे लिहिलेलं होतं.

त्याच आठवड्यात परभणीच्या विद्यापीठाच्या वेधशाळेत किमान तापमान २ अंशांपर्यंत उतरलं. परभणीचं नाव राज्यभर झालं. पेपरात पहिल्या पानावर शेकोटीभोवती बसलेल्या माणसांचा फोटो, कानटोप्या घालून फिरायला निघालेले लोक. मी तो २ अंश बघत बसलो. चार फुटांवर, आडोशाला, कोरड्या हवेत २. मग हरभऱ्याच्या शेंड्यांच्या उंचीला किती असेल? आणि ओल्या अंगावर?

तेव्हापासून हिवाळ्याचा अंदाज मी वेगळ्या रीतीनं वाचतो. आकडा वाचला की विचारतो, हा कुणाच्या अंगावर उतरणार आहे.

हवामान खातं दर वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला पुढच्या तीन महिन्यांचा अंदाज देतं: किमान तापमान कुठल्या भागात सरासरीपेक्षा वर राहण्याची शक्यता, कुठं खाली, थंडीच्या लाटेचे दिवस कमी की जास्त. ही सरासरी सध्या १९९१ ते २०२० या तीस वर्षांची धरतात. नकाशावर रंग असतात. मराठवाडा हा हवामानाच्या हिशेबात एक स्वतंत्र उपविभाग आहे, म्हणजे आठ जिल्ह्यांना मिळून बहुतेक वेळा एकच रंग येतो. त्या रंगाची मला किंमत आहे. पॅसिफिक महासागराचं पाणी नेहमीपेक्षा गार आहे, म्हणजे ला निना, की तापलेलं, म्हणजे एल निनो, एवढ्या लांबच्या गोष्टींचा हिशेब लावून कुणीतरी आपल्या जानेवारीबद्दल काही सांगू शकतो हे लहान काम नाही. पण तीन महिन्यांच्या सरासरीत आमची ती एक रात्र बसत नाही. हिवाळा उबदार होता असं मार्चमध्ये निघतं आणि तरी मधल्या चार रात्रींनी अर्धापूरच्या केळीला चरका दिलेला असतो.

थंडीची लाट म्हणजे काय, याचीही व्याख्या आहे. आपल्यासारख्या सपाट भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली हवं आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून अधिक उतरलेलं हवं. किंवा सरळ ४ अंशांवर आलेलं हवं. व्याख्या लागतेच, नाहीतर इशारा द्यायचा कधी हे ठरणार कसं. पण अकरा अंशांच्या रात्री ओल्या धोतरानं उभा असलेला माणूस कुठल्याच इशाऱ्यात येत नाही.

दादाची स्वतःची एक रीत आहे. टीव्हीवर काश्मीर-हिमाचलात बर्फ पडल्याचं दाखवलं की तो म्हणतो, "तिसऱ्या दिशी आपल्याकडं यील." बहुतेक वेळा येतंच. भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पाऊस-बर्फ आणणारी वादळं, वरच्या थरांतल्या पश्चिमेच्या वाऱ्यांवर बसून इराण, अफगाणिस्तान ओलांडत हिमालयाला येऊन धडकतात. ते येत असताना आपल्याकडचं वारं फिरतं, आभाळ येतं, रात्री उबदार होतात. लोक म्हणतात, थंडी गेली. मग विक्षोभ पुढे सरकतो, आभाळ उघडतं आणि त्याच्या पाठीमागून बर्फावरून आलेली कोरडी हवा राजस्थान, मध्य प्रदेश करत सातपुडा उतरते. खानदेश आधी गारठतो, मग आम्ही. अशा वेळी परभणीचा आकडा संभाजीनगरपेक्षा खाली जातो, याचं लोकांना नवल वाटतं, कारण संभाजीनगर उंचावर आहे. पण रात्री गार हवा पाण्यासारखी उताराला लागते आणि गोदावरीच्या खोऱ्यात साचते. त्यात विद्यापीठाची वेधशाळा मोकळ्या शेतांत. शहरात सिमेंटच्या भिंती रात्रभर दिवसाची ऊब परत देत असतात, उघड्या रानाला ती सोय नाही.

पावसाचं बोलायचं तर हिवाळ्यातला पाऊस आमच्याकडे आला तर दोन-चार शिंतोडे, नाही तर नुसतं आभाळ. पण नुसतं आभाळही पुष्कळ असतं. आईला जी वाकळ वाटायची ती तुरीला मारक. डिसेंबरात तूर फुला-शेंगात असते. दोन-तीन दिवस ढगाळ राहिलं की शेंगा पोखरणारी अळी पडते, हरभऱ्यावर घाटेअळी चढते, आंब्याच्या मोहरावर भुरी येते. दादाचा फोन मग दिवसातून दोनदा. "आभाळ भरून यायलंय बघ. फवारू का थांबू?" फवारल्यावर पाऊस आला तर औषध धुऊन गेलं. थांबलं आणि पाऊस आलाच नाही तर अळी पुढं गेली. या एका प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, कृषी हवामान सल्ला निघतो आणि आता 'मेघदूत' अॅपवरही येतो. मी तो शब्द न् शब्द वाचून दाखवतो. ऐकून दादा म्हणतो, "हं." त्या 'हं'मध्ये त्यानं काय ठरवलं ते मला अजून कळत नाही.

आणि गारपीट. तिच्याविषयी मला फार लिहवत नाही. २०१४च्या फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत गारा पडत राहिल्या तेव्हा मी कर्जाच्या फाइली घेऊन गावोगाव फिरत होतो. काढणीला आलेली शाळू ज्वारी चटईसारखी अंथरलेली. मोसंबीच्या बागांत झाडांखाली फळांबरोबर पक्षी पडलेले. एका शेतात म्हातारे आजोबा मला म्हणाले, "सायेब, कागद राहू द्या. आधी बसा." आम्ही दोघं बांधावर बसलो. बराच वेळ बसलो. पुढे ११ फेब्रुवारी २०१८ला जालना, बीड, परभणीकडे परत गारा आल्या तेव्हा मला पहिल्यांदा तो बांध आठवला. दिवसा तापलेली ओलसर हवा खालून वर चढते, वर विक्षोभाची गार हवा असते, दोन्ही भेटतात. एवढंच शास्त्र. पण ते घडतं हिवाळा उन्हाळ्याला टेकतो तेव्हा, आणि नेमकं तेव्हाच आमचं वर्षाचं धान्य रानात उभं असतं.

आता विमानाचं सांगतो, कारण या सगळ्यात ते कसं आलं याचंच मला आश्चर्य वाटतं.

माझी लेक दिल्लीला नोकरी करते. मागे एका डिसेंबरात ती सकाळच्या विमानानं यायची होती. आदल्या दिवशी इथं दुपारी पाऊस भुरभुरला होता, संध्याकाळी आभाळ उघडलं, वारा पडला. मी रात्रीच बायकोला म्हणालो, उद्या धुकं आहे. ओली जमीन, उघडं आभाळ, शांत हवा. धुक्याला आणखी काय लागतं? जमीन गार होते, तिच्या अंगालगतची दमट हवा गार होते आणि त्यातल्या वाफेचे थेंब हवेतच तरंगत राहतात. सकाळी चिकलठाण्याच्या विमानतळाकडे निघालो तर रस्त्याच्या दिव्यांना पिवळे गोळे आले होते आणि समोरची रिक्षा अचानक उगवत होती.

विमानतळावर थांबून थांबून मी एका तरुण मुलाशी बोलत बसलो. तो वैमानिक होण्याचं शिक्षण घेत होता, सुट्टीला घरी आला होता, त्याचंही कुणी येणार होतं. त्यानं फार आपुलकीनं समजावलं. एक किलोमीटरच्या आतलं दिसेनासं झालं की त्याला धुकं म्हणायचं, त्यापेक्षा लांबचं दिसत असलं तर ते नुसतं धुरकट. विमान उतरवणाऱ्या यंत्रणेचे दर्जे असतात. पहिल्या दर्जाला धावपट्टीवर साधारण ५५० मीटरपर्यंत दिसावं लागतं. दिल्लीत वरच्या दर्जाची यंत्रणा आहे, तिथं ५० मीटरवरही उतरता येतं, पण त्यासाठी विमानही तसं लागतं आणि वैमानिकानंही ते वेगळं शिक्षण घेतलेलं लागतं. विमानतळावरचं हवामान दर अर्ध्या तासाला नोंदवून कळवतात: वारा कुठून, किती, दृश्यता किती, ढग किती उंचीवर, तापमान, दवबिंदू, हवेचा दाब. मधेच काही बदललं तर अर्धा तास व्हायचीही वाट बघत नाहीत.

मी त्याला विचारलं, थंडीचा विमानाला त्रास होतो का? तो हसला. "उलट काका, धुकं नसेल तर हिवाळ्यातली सकाळ सगळ्यात चांगली. गार हवा दाट असते. पंखांना धरायला जास्त काही मिळतं, इंजिनलाही. मे महिन्यात दुपारी तेच विमान धावपट्टीवर जास्त लांब पळतं." चिकलठाणा समुद्रसपाटीपासून जवळजवळ ५८० मीटर उंच, म्हणजे हवा मुळातच थोडी विरळ. उन्हाळ्यात ती आणखी विरळ होते. मला हे नवं होतं. ज्या गारठ्याला मी फक्त छातीत बसणारी गोष्ट म्हणून ओळखत होतो, तो कुणालातरी वर उचलत होता.

इतक्यात दादाचा फोन. "बापू, धुई पडलीय लई. तुरीचं फूल करपल का?" मी काचेतून बाहेर बघत होतो. मला समोरच्या गाड्या दिसत नव्हत्या आणि दीडशे किलोमीटरवर त्याला त्याचीच तूर दिसत नव्हती. एकाच धुक्याची दोन टोकं आम्ही धरून होतो. आत पडद्यावर विमानाची वेळ बदलत होती, कुणीतरी माइकवरून नीट सांगत होतं, पलीकडे कुठेतरी एक माणूस धावपट्टीकडे बघून मीटर मोजत होता. मला त्या माणसाविषयी खरंच आदर वाटला. दीडशे-दोनशे जीव त्याच्या डोळ्यांवर असतात. आणि त्याच वेळी मनात आलं, माझ्या भावाच्या रानाकडे असं दर अर्ध्या तासाला कुणी बघितलं असतं तर. त्या रात्री कुणी म्हटलं असतं, आता थांबा, आता उतरू नका, आता पाण्यात पाय घालू नका.

साडेनऊला ऊन आलं. धुकं वर उचललं गेलं, आधी झाडांचे बुंधे दिसले, मग शेंडे. दहाच्या सुमारास लेक बाहेर आली. तिनं पहिला प्रश्न विचारला, "काका बरे आहेत ना?" २०१८पासून आमच्या घरात थंडी म्हटलं की हाच प्रश्न येतो.

त्या सुट्टीत तिला घेऊन पैठणला गेलो. नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या, पाण्यावर सकाळी पट्टकादंब हंस उतरलेले होते, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले. हे पक्षी तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. त्यांच्या अंगावर यंत्रं बसवून संशोधकांनी पाहिलं तर ते सात हजार मीटरहून वर गेल्याच्याही नोंदी मिळाल्या. आणि हिमालय ओलांडायला ते दुपारचा चढता वारा न घेता बरेचदा रात्र आणि पहाट पसंत करतात, असंही आढळलं. लेकीनं हे वाचलेलं होतं. ती म्हणाली, "बाबा, रात्रीची हवा गार आणि दाट असते ना, म्हणून." विमानतळावरच्या त्या मुलाचं वाक्य मला तिच्या तोंडून पुन्हा ऐकू आलं. आम्ही दोघं बराच वेळ काठावर उभे होतो. ते हंस संध्याकाळी हरभऱ्या-गव्हाच्या रानांत चरायला उतरतात, त्यावरून शेतकरी वैतागतात, हेही तिथल्या नावाड्यानं सांगितलं.

परत येताना मी शहरातल्या एका दुकानातून दोन किमान तापमापक घेतले. तसेच, अल्कोहोल आणि काचेची दांडी असलेले. लेक म्हणाली, "बाबा, फोनवर दिसतं की तापमान." मी म्हटलं, मला वेगळं काहीतरी बघायचंय.

आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या आमच्या खोपीवर, सागाच्या पट्ट्यांची एक पेटी सुताराकडून करून घेतली, पांढरा रंग दिला, चार फुटांवर उभी केली. एक तापमापक त्यात. दुसरा हरभऱ्यात, दोन ढेकळांवर आडवा, पिकाच्या शेंड्याखाली. पहिल्या सकाळी दादा आणि मी टॉर्च घेऊन गेलो. पेटीत ९ अंश. दादा हरभऱ्यात उकिडवा बसला, चष्मा वर केला, दांडीचं टोक शोधलं. "पाच हाय का सहा?" मी वाकलो. पाचाला टेकलेली होती. तो काहीच बोलला नाही. नळी हातात धरून तसाच बसून राहिला, मग म्हणाला, "म्हंजी मी खोटं सांगत नव्हतो."

त्याला कुणी खोटं म्हटलेलं नव्हतं. पण इतकी वर्षं तो सांगत होता की पेपरात येते त्यापेक्षा रानात थंडी जास्त असते, आणि आम्ही शिकलेले लोक म्हणत होतो, तुला वाटतं तसं. मी स्वतः म्हणालो होतो. गवताजवळच्या तापमापकाची वही माझ्याकडे असताना म्हणालो होतो.

त्या दिवसापासून त्यानं नोंद ठेवायला घेतली. आखाड्याच्या भिंतीवर कॅलेंडर आहे, त्यावर प्रत्येक तारखेच्या चौकोनात बारक्या अक्षरात तो दोन आकडे लिहितो. यंदाही लिहितोय. आता दिवसाच्या लाईटसाठी सौरपंपांच्या योजना आल्यात, काही गावांना मिळाली, आमच्या शिवाराला अजून आठवडा दिवसाचा तर आठवडा रात्रीचा. म्हणून मी संध्याकाळी फोन केला की आता माझा पहिला प्रश्न तापमानाचा नसतो. लाईट कधीची, हे विचारतो. रात्रीची असेल आणि आभाळ उघडं असेल तर म्हणतो, आज राहू दे, दोन फुलं गळाली तर गळाली. तो कधी ऐकतो, कधी नाही. मी गमबूट नेऊन दिलेत, बरसाती दिलीय, गडी असेल तर दोघं मिळूनच जातात, एकटं जायचं नाही हे वहिनीनं पक्कं केलंय.

परवा येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, गावी गेलो होतो. रानात पांडवांची पूजा झाली, आंबील, भज्जी, उंडे झाले, सगळे कडब्याच्या खोपीशी बसले होते. मी आत जाऊन कॅलेंडर बघितलं. आदल्या आठवड्याच्या एका चौकोनात दादाच्या अक्षरात लिहिलेलं होतं, "वर ८. खाली ४. लाईट रात्री. गेलो नाही."